वरच्या मजल्यावर चित्र फुटतं: बूस्टर कुठे लावायचा, किती डीबीचा, आणि कधी लावायचाच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याला दुमजली घर. खांबावरून डिजिटल केबलची एक वायर घरात येते, तिथे तीन वाटांचा स्प्लिटर, पुढे तीन सेट टॉप बॉक्स. खालचे दोन टीव्ही ठीक चालतात, वरच्या बेडरूममध्ये काही चॅनेलवर चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. वर राहणाऱ्या भाडेकरूंची गच्चीवर फ्री डिश आहे, तिथे जोराचा पाऊस आला की पडदा काळा. सीताबर्डीवरच्या दुकानदाराने ३० डीबीचा बूस्टर सुचवलाय (डीबी म्हणजे सिग्नल किती पट वाढतो किंवा घटतो ते मोजायचं एकक). तो टीव्हीच्या मागे लावला तर दोन्हीकडचं काम होईल का?

नाही होणार. केबलला बूस्टर लागू शकतो, पण ३० डीबीचा नाही आणि टीव्हीच्या मागे तर नाहीच. डिशला बूस्टरची गरजच नाही, तिथला आजार वेगळा आहे.

बूस्टर आलेल्या सिग्नलची ताकद वाढवतो, पण त्यासोबत आलेला गोंगाटही तेवढाच वाढवतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. नळाला टुल्लू पंप लावला तर पाणी जास्त येतं, गढूळ पाणी स्वच्छ होत नाही, तसंच हे. म्हणून सेट टॉप बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन पट्ट्या असतात त्यांतला फरक ओळखायला हवा. ‘स्ट्रेंथ’ म्हणजे ताकद, ‘क्वालिटी’ म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते. बूस्टर लावल्यावर स्ट्रेंथ ९५ दाखवते आणि चित्र पूर्वीसारखंच फुटतं, अशी तक्रार घेऊन लोक दुकानात भांडतात. दोष त्या डबीचा नसतो. चित्र क्वालिटीवर चालतं.

मग बूस्टरचा उपयोग काय? सिग्नल चांगला असताना, पुढे होणार असलेली घट आधीच भरून काढणं. त्यामुळे जागा सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या वरच्या टीव्हीपर्यंत १२ डीबी घट होते असं धरा (हिशेब पुढे आहे). बॉक्सचा स्वतःचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः किती गोंगाट घालतो ते, ८ डीबी आणि बऱ्यापैकी बूस्टरचा ५ डीबी धरला, तर टीव्हीमागे लावलेल्या बूस्टरचा निव्वळ फायदा ३ डीबी होतो, कारण सिग्नल आधीच झिजून आलेला असतो. तोच बूस्टर, फक्त १५ डीबीचा, घरात वायर शिरते तिथे स्प्लिटरच्या आधी लावला तर फायदा जवळजवळ १२ डीबी. पैसे तेवढेच, फरक फक्त जागेचा.

विकत घेण्याआधी मात्र एक तपासणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. वरचा सेट टॉप बॉक्स काढून खाली आणा आणि स्प्लिटर बाजूला ठेवून बाहेरून येणारी वायर थेट त्याला लावा. वर फुटणारीच चॅनेल लावून पाहा. इथेही फुटत असतील तर बिघाड घराबाहेर आहे: खांबावरच्या टॅपमध्ये, गल्लीतल्या अॅम्प्लिफायरमध्ये, नाहीतर खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत. अशा वेळी केबलवाल्याला बोलवायचं, घरात बूस्टर लावून बिघडलेला सिग्नल फुगवायचा नाही. थेट वायरीवर चित्र स्वच्छ असेल तर स्प्लिटर जोडा, बॉक्स आखूड वायरीने त्याच्या एका वाटेला लावा, नंतर दुसऱ्या वाटेला, नंतर तिसऱ्या. एखाद्याच वाटेवर बिघडलं तर स्प्लिटर गेला आहे. सगळीकडे ठीक असेल तर उरली वर जाणारी वायर आणि तिच्या टोकांचे कनेक्टर. प्रत्येक टप्प्यावर क्वालिटीचा आकडा लिहून ठेवा, आणि तोही एकाच चॅनेलचा. केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीवर घट जास्त होते, त्यामुळे ६०० मेगाहर्ट्झच्या वरचं एखादं चॅनेल निवडलेलं बरं. बहुतेक बॉक्सच्या माहितीच्या पानावर फ्रिक्वेन्सी दिसते. वर ‘काही’ चॅनेल फुटतात आणि काही नाही, याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

आता हिशेब. आरजी-६ वायरीत १०० मीटरला साधारण ५५ मेगाहर्ट्झला ५ डीबी, ५५० ला १६, ८६० ला २० डीबी घट होते. आरजी-५९ ही जुनी, बारीक वायर असेल तर पाव पट जास्त धरा. दोन वाटांचा स्प्लिटर साडेतीन ते चार डीबी खातो, चार वाटांचा सात-साडेसात, आठ वाटांचा साडेदहा-अकरा. तीन वाटांचे दोन प्रकार येतात. एकात तिन्ही वाटांवर सारखी सहा-एक डीबी घट असते. दुसऱ्यात एका वाटेवर साडेतीन आणि उरलेल्या दोघांवर सात, आणि ते आकडे स्प्लिटरच्या पत्र्यावरच छापलेले असतात. तुमच्याकडे हा दुसरा प्रकार असेल आणि लाइनमनने सात डीबीची वाट वरच्या लांब वायरीला दिली असेल, तर नुसती अदलाबदल केली तरी साडेतीन डीबी फुकट मिळतात. कितीतरी घरांत काम इथेच संपतं.

धरून चालू की स्प्लिटर सारख्या घटीचा आहे, वरची वायर २५ मीटर आहे आणि घरात शिरताना लेव्हल ५६ डीबीमायक्रोव्होल्ट (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) आहे. स्प्लिटरचे ६, वायरीचे ५, भिंतीतलं सॉकेट आणि जोड मिळून १, असे १२ डीबी गेले. वर पोचतात ४४. खाली हॉलमध्ये आखूड वायर, सात डीबी गेले, ४९ उरले. ६४-क्वॅम (डिजिटल केबलवर सिग्नल पाठवायची एक पद्धत) केबल सिग्नलसाठी बॉक्सच्या तोंडाशी ४७ ते ६७ डीबीमायक्रोव्होल्ट ही सर्वमान्य मर्यादा आहे. ४७ च्या खाली गेल्याबरोबर चित्र जातं असं नाही, पण हाताशी शिल्लक राहत नाही. मग एक जोड थोडा गंजला, शेजारच्या खोलीत कूलरचा पंप सुरू झाला, की चौकोन. खाली चालतं आणि वर फुटतं याचा अर्थ असा लागतो.

१२ डीबीचा बूस्टर स्प्लिटरच्या आधी लावला तर वर ५६ आणि हॉलमध्ये ६१ मिळतात. दोन्ही मर्यादेत. दुकानदाराचा ३० डीबीवाला लावला तर वर ७४, हॉलमध्ये ७९. म्हणजे आज नीट चालणारे खालचे टीव्हीसुद्धा बिघडण्याची सोय. शिवाय केबलमध्ये एकाच वेळी डझनावारी वाहक लहरी असतात. बूस्टर ताणला गेला की त्या एकमेकींत मिसळून नवा गोंगाट तयार करतात, आणि तो कुठल्याही फिल्टरने काढता येत नाही. बूस्टरच्या डबीवर कमाल आउटपुट ११० डीबीमायक्रोव्होल्ट असं छापलेलं असलं तरी तो आकडा दोन-चार चॅनेल धरून मोजलेला असतो, चॅनेल वाढतील तशी ती मर्यादा खाली येते. त्यामुळे नियम सरळ आहे: गेन, म्हणजे बूस्टर करतो ती वाढ, होणाऱ्या घटीइतका, फार तर दोन-तीन डीबी जास्त.

जास्त सिग्नल आणि कमी सिग्नल यांची लक्षणं टीव्हीवर सारखीच दिसतात, यात लोक फसतात. ओळखायची युक्ती आहे. बूस्टर आणि बॉक्सच्या मध्ये एक जादा चार वाटांचा स्प्लिटर तात्पुरता टाका. सात डीबी कमी करूनही चित्र सुधारलं तर तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, जास्त आहे.

घेताना बघायच्या गोष्टी मोजक्या. पट्टा ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद. गेन १५ ते २० डीबी आणि तो कमी करायचा स्क्रू. नॉइज फिगर ५ च्या आसपास किंवा खाली, आणि हा आकडा छापलेलाच नसेल तर ती डबी परत ठेवा. उतार, म्हणजे ‘स्लोप’ जुळवायचा दुसरा स्क्रू असेल तर फारच छान, कारण वायर वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त खाते आणि स्लोप तेवढ्याच जास्त उचलतो. डबी धातूची हवी. प्लॅस्टिकच्या डबीत मोबाइल टॉवरचा सिग्नल सहज शिरतो, आणि ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झचे मोबाइल पट्टे केबलच्या वरच्या टोकाला किंवा अगदी त्याला लागूनच येतात. त्याच वायरीवर केबलचं इंटरनेट घेत असाल तर परतीचा मार्ग असलेलाच, म्हणजे घरातून बाहेर जाणारा सिग्नलही सोडणारा बूस्टर घ्या, नाहीतर मोडेम मुका होईल. इंटरनेट फायबरवर असेल तर हा प्रश्नच नाही.

आता बसवणं. बाहेरची वायर बूस्टरच्या ‘इन’ला, ‘आउट’ला स्प्लिटर, आणि दोघांमधली वायर हातभराहून लांब नको. स्प्लिटरची एखादी वाट रिकामी असेल तर तिला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. उघड्या तोंडातून सिग्नल परत उसळतो आणि शेजारच्या वाटेवरच्या एखाद-दुसऱ्या चॅनेलवर खड्डा पाडतो. सुरुवात गेन अगदी कमी ठेवून करा. वर कोणाला तरी क्वालिटीचा आकडा बघायला बसवा, स्क्रू हळूहळू वाढवा, आकडा वाढायचा थांबला की थोडा मागे घ्या. नंतर हॉलमधला टीव्ही त्याच चॅनेलवर तपासा. एका मागे एक दोन बूस्टर लावायचे नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी.

खरं काम मात्र कनेक्टरमध्ये आहे. वायरीच्या आतली जाळी नुसती पिळून, वर काळी टेप गुंडाळून केलेला जोड हा नागपुरातल्या घरांतला सगळ्यात मोठा चोर. वर्षभर चालतो, मग पहिल्या पावसात पाणी ओढतो आणि जाळी हिरवी पडते. एफ कनेक्टर हवा, तोही पिळून बसवायचा नाही, कॉम्प्रेशनचा. बाहेरचं काळं कवच साधारण १३ मिलिमीटर सोला, त्यातलं टोकाकडचं ६-७ मिलिमीटर पांढरं इन्सुलेशन मधल्या तारेपर्यंत काढा, जाळी मागे दुमडा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. बसल्यावर मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे: आखूड राहिली तर संपर्क सुटतो, लांब झाली तर सॉकेट ढिलं होतं. जाळीची वायर घेताना ती दाट आहे का बघा. विरळ जाळी म्हणजे मोबाइलच्या सिग्नलला दार उघडं.

नागपूरच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५-४७ ला जातो आणि गच्चीवर उन्हात पडलेली वायर त्याहून कितीतरी तापते. कवचाला चिरा पडतात, त्या दिसत नाहीत, जूनमध्ये पाणी आत जातं. म्हणून बाहेरची वायर उन्हाला टिकणाऱ्या काळ्या कवचाची घ्यावी, पांढरी घरातली. बूस्टर गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. आतला कपॅसिटर उन्हाने सुकतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत बूस्टरच गुणगुणायला लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे कूलर. त्याच्या खिडकीजवळून वायर गेली असेल तर जोडावर सतत फवारा उडतो, आणि पंपाच्या स्विचची ठिणगी हलक्या वायरीत शिरून ऐन वेळी चित्र फोडते. बरोबर कूलर लावताना-बंद करताना चौकोन पडत असतील तर बूस्टरला दोष देऊ नका, वायर दूर सारा. तिसरं, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. बूस्टरचा स्वस्त अडॅप्टर त्या वेळी पुरेसा डीसी देत नाही. दिवसा ठीक आणि आठ ते अकरा फुटतं असं होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा.

आता भाडेकरूंची फ्री डिश. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी स्वतःच ५०-६० डीबीचा अॅम्प्लिफायर आहे. पावसात ढग आणि थेंब जो सिग्नल खातात तो एलएनबीच्या आधीच जातो. त्यानंतर खाली कितीही बूस्टर लावा, गेलेला परत येत नाही. पावसाची शिल्लक वाढवायचे दोनच खरे मार्ग: नेम अचूक करणं आणि डिश मोठी करणं. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची डिश म्हणजे साडेतीन डीबी, आणि हे साडेतीन डीबी क्वालिटीचे असतात, नुसत्या ताकदीचे नाहीत. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं तरीही जाणारच.

नेमाचे आकडे नागपूरसाठी असे येतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला: दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या चालीने १४५ अंश, म्हणजे आग्नेयेपासून थोडी दक्षिणेकडे, उंची ६० अंश. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला: दिशा १६९, उंची ६५. एअरटेल १०८.२ अंश पूर्वेला: दिशा १२३, उंची ४९. होकायंत्र आणि खरी उत्तर यांत नागपुरात एका अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त ते लोखंडी खांबापासून दूर धरून बघा. डिशचा पत्रा ६० अंशांवर झुकलेला दिसणार नाही, कारण या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात आणि पंचविसेक अंश त्यातच धरलेले असतात. झाडाचा अडथळा मोजायलाही उंचीच कामाची: ६० अंशांसाठी पाच मीटरवरचं झाड डिशपेक्षा पावणेनऊ मीटर उंच असेल तरच आडवं येतं. पावसाळ्यात कडुनिंब भरला की हे एकदा बघून घ्या.

नेम धरताना स्ट्रेंथकडे बघूच नका. क्वालिटी बघत डिश दोन-तीन मिलिमीटर सरकवा, पाच सेकंद थांबा, पुढची हालचाल करा. बॉक्सचा आकडा उशिरा बदलतो. आडवी दिशा झाली की उंची, शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडाथोडा फिरवून सर्वोच्च आकड्यावर थांबा. हे शेवटचं कोणी करत नाही आणि पावसातली शिल्लक तिथेच पडून असते. एलएनबीचं पुढचं प्लॅस्टिक झाकण तडकलंय का तेही पाहा. आत पाणी असेल तर तो फेकून नवा लावा. त्याच्या कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप आणि वायरीला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून टपकून जाईल.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, स्वच्छ आकाशात फ्री डिश काही मिनिटं जाते. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिश हलवणारे पुढचा महिनाभर नेम शोधत बसतात.

डिशला बूस्टर लागतो तो एकाच प्रसंगी, वायर फार लांब असेल तेव्हा. सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवर डिश आणि पहिल्या मजल्यावर फ्लॅट, असं. एलएनबीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, आणि वरच्या टोकाला आरजी-६ शंभर मीटरला ३३ डीबी खाते. ५० मीटरला सोळा-सतरा झाले. तिथे ९५० ते २१५० चा इनलाइन बूस्टर एलएनबीजवळ लावायचा. केबलचा ८६२ पर्यंतचा बूस्टर इथे चालत नाही, आणि हा तिथे चालत नाही. एका डबीत दोन्ही कामं होणार नाहीत ती म्हणूनच. इनलाइन बूस्टर त्याच वायरीतल्या १३ आणि १८ व्होल्टवर चालतो आणि तो तसाच एलएनबीपर्यंत सोडतो. लांब वायरीत हे व्होल्टेज उतरलं तर १८ व्होल्टवर येणारी चॅनेल गायब होतात आणि १३ ची चालू राहतात. अशा ठिकाणी मधली तार पूर्ण तांब्याची हवी. दुकानात लोहचुंबक लावून बघा: चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचा मुलामा. एका डिशवर दोन बॉक्स चालवायला स्प्लिटर आणि बूस्टर नको, दोन आउटपुटचा एलएनबी घ्या. दोन बॉक्स एकाच वायरीवर वेगवेगळं व्होल्टेज मागायला लागले की दोघांचंही बिनसतं.

गच्चीवर सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन केंद्राकडे तोंड करून उभा असलेला जुना यागी अँटेना कुणाकडे असेल आणि त्यासाठी बूस्टर शोधत असतील, तर पैसे वाया घालवू नका. दूरदर्शनचं अॅनालॉग प्रक्षेपण प्रसारभारतीने २०२२ पर्यंत मोजकी सामरिक ठिकाणं वगळता देशभर बंद केलं. वाढवायला सिग्नलच नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी बॉक्स खाली आणून तपासणी, मग स्प्लिटरच्या वाटांची अदलाबदल, मग वरच्या वायरीचे दोन्ही कनेक्टर नवे. एवढ्याने भागलं नाही तर १५ डीबीचा, गेन कमी करता येणारा बूस्टर, स्प्लिटरच्या आधी, घराच्या आत. भाडेकरूंसाठी नेम आणि एलएनबी, आणि तरी हौस असेल तर ९० सेंटिमीटरची डिश. डिशच्या खांबाला अर्थिंग आहे का तेही बघून घ्या, आणि मृगाच्या आधीची वळवाची वादळं सुरू झाली की वीज कडाडताना बूस्टरचा अडॅप्टर आणि बॉक्सची वायर दोन्ही काढून ठेवा.